डेस्कटॉप स्टडी वेगळी, मरीन सर्व्हे वेगळा

समुद्राखालच्या इंटरनेट केबलचा विषय निघाला की बरेच जण डेस्कटॉप स्टडी (मार्गाचा टेबलावर केलेला अभ्यास) आणि मरीन रूट सर्व्हे (जहाजावरून केलेली त्या मार्गाची पाहणी) एकच समजतात, नाहीतर पहिली म्हणजे नुसती कागदी फॉर्मॅलिटी आणि खरं काम जहाजावर, असं धरून चालतात. मला हे अजिबात पटत नाही. केबल टिकणार की सारखी तुटणार, याचा निम्मा निर्णय सर्व्हेचं जहाज बंदरातून निघायच्या आधीच झालेला असतो.

डेस्कटॉप स्टडीत आधी काय काय माहिती आहे ते सगळं गोळा करतात, म्हणजे नॉटिकल चार्ट, भूकंपाच्या नोंदी, जुन्या केबल, पाइपलाइन, जहाजं नांगर टाकून थांबतात त्या जागा, परवानग्या. आणि नाव डेस्कटॉप असलं तरी किनाऱ्यावर जाऊन यावंच लागतं. आपलं वर्सोवाच घ्या, मुंबईत येणाऱ्या बऱ्याच केबल तिथेच किनाऱ्याला लागतात आणि कोळीवाडाही तिथेच, डोल जाळी लावायला समुद्राच्या तळात खुंट ठोकलेले असतात आणि ते नेमके कुठे हे चार्ट बघून कळत नाही, त्यासाठी मच्छीमार सोसायटीत बसून तांडेलांना, म्हणजे बोटींच्या म्होरक्यांना, विचारावं लागतं. जगभरात केबल तुटतात त्यातल्या साधारण 70 ते 80 टक्के वेळा कारण मासेमारी किंवा जहाजाचा नांगर हेच असतं, त्यामुळे ही चौकशी मला सगळ्यात मोलाची वाटते.

सर्व्हे त्यानंतर, ठरलेल्या मार्गावर. मल्टीबीम सोनारने खोली मोजायची, साइड स्कॅनने खडक आणि बुडालेली जहाजं शोधायची, सब-बॉटम प्रोफायलरने तळाखालचे थर बघायचे. उथळ पाण्यात केबल प्लाऊने, म्हणजे तळात चर पाडत जाणाऱ्या अवजाराने, साधारण एक मीटर खाली पुरतात, म्हणून खाली दोन मीटर वाळू आहे की वीतभर खालीच खडक लागतोय हे कळायलाच हवं, आणि ते चार्टवरून कळत नाही. खडक निघाला तर मार्ग वळवायचा, जमत नसेल तर जाड आर्मरची, म्हणजे पोलादी तारांचं कवच असलेली, केबल टाकायची.

पण सर्व्हेला दिसतो फक्त एक पट्टा, उथळ पाण्यात साधारण 500 मीटर ते 1 किलोमीटर रुंद, आणि दिसतं ते आजचं. 26 डिसेंबर 2006 ला तैवानच्या दक्षिणेला मोठा भूकंप झाला, उतारावरचा गाळ सुटला आणि समुद्राखालच्या दरीतून खाली धावत गेला, 9 केबल तुटल्या, दुरुस्तीला 11 जहाजं आणि 49 दिवस लागले. सोनार त्या दरीचा आकार अगदी बरोबर काढून देईल, पण त्यातून गाळ कधी कसा येतो हे त्याला काय कळणार? ते कळतं जुन्या नोंदींतून. 1929 मध्ये कॅनडाजवळ ग्रँड बँक्सच्या भूकंपानंतर 12 टेलिग्राफ केबल तुटल्या होत्या, त्यातल्या खोल पाण्यातल्या एकीमागून एक तुटत गेल्या आणि त्या वेळांवरूनच पुढे अशा गाळाच्या प्रवाहांचा उलगडा झाला. असली दरी ओलांडायची कुठे किंवा टाळायची कशी हे स्टडीतच ठरायला हवं.

अर्थात सर्व्हेत अडचण निघाली की फाइल परत टेबलावर येते. जुनी केबल शक्यतो काटकोनात ओलांडायची असते, म्हणजे उद्या एक दुरुस्त करताना ती वर काढायला गळ टाकून ओढला तर दुसरी त्यात अडकायला नको. आता खडक चुकवायला मार्ग थोडा जरी सरकवला तरी तो कोन बिघडू शकतो, मग ओलांडायची जागा नव्याने शोधा, जुन्या केबलच्या मालकाशी परत बोला, आणि मार्ग फारच बाहेर गेला तर तेवढ्या तुकड्याचा सर्व्हे पुन्हा करा.