एक किलोमीटरची भानगड : आरटीईच्या २५ टक्क्यांमागची पार्श्वभूमी

आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागांचे, फॉर्म सुटले की आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जन्मदाखला, भाड्याचं घर असेल तर रजिस्टर केलेला भाडेकरार, आणि मग सगळ्यात नाजूक काम, नकाशावरचा तो लाल फुगा नेमका आपल्या घरावर नेऊन ठेवायचा. फुगा जरा इकडे टेकला की शाळा एक किलोमीटरच्या आत, जरा तिकडे सरकला की बाहेर. मागे एका ताईंचा फुगा मोबाइलवर बोट घसरून नाल्यापलीकडे जाऊन पडला, लॉटरीत पोरीचं नाव लागलं, आणि पडताळणीत गेलं. ताई महिनाभर ऑफिसांचे उंबरे झिजवत होत्या. 'अहो घर तिथंच आहे, चालत येऊन बघा की.' कोण बघणार.

२५ टक्के म्हणजे काय, कोणाला मिळतात, वेटिंग कसं चालतं हे इथे सांगत बसत नाही, ज्यांच्या घरी पाच-सहा वर्षांचं पोर आहे त्यांना हे सगळं पाठ आहे. मला बोलायचंय ते या एक किलोमीटरबद्दल, कारण २०२४ मध्ये सगळा गोंधळ या एका आकड्यावरून झाला, आणि तो कळायला थोडं मागे जावं लागतं.

बऱ्याच जणांना वाटतं की हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सुरू झालं. कायदा तेव्हाचा, शाळेत कोणाला घ्यायचं हे भांडण जुनं. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत, तेव्हा ते मुंबई इलाख्यातच होतं, एका महार मुलानं प्रवेश मागितला. मिळाला नाही. त्यानं वर अर्ज केला. तर सरकारचं म्हणणं काय, की मुलाची मागणी तत्त्वानं बरोबर आहे, पण एकट्या या मुलाला घेतलं तर बाकीची मुलं निघून जातील आणि शाळाच ओस पडेल. दोनेक वर्षांत वरून हुकूम आला की सरकारी पैशावरच्या शाळा सगळ्या जातींना खुल्या. कागदावर खुल्या झाल्या, पण पोरं बसली ओसरीवर. साताऱ्याच्या शाळेतलं ते घरून आणलेलं गोणपाट आणि त्यावर बसलेला भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा पुढे काय लिहितो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 'शाळेत घेतलं' आणि 'वर्गात बसवलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संस्थानं याबाबतीत इंग्रजांच्या पुढे होती. बडोद्यात १९०६ ला सगळ्या संस्थानात सक्तीचं शिक्षण आलं. कोल्हापुरात १९०२ मध्ये नोकरीत मागासांना ५० टक्के जागा, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम. वेगळ्या शाळा काढणं सोपं होतं आणि त्या काढल्याचं पुण्यही पदरात पडत होतं, तरी त्या मोडल्या. आजच्या वादात हा शेवटचा हुकूम कोणी काढत नाही याचं मला नवल वाटतं.

स्वातंत्र्यानंतरचं भराभर. घटनेनं दहा वर्षांत चौदापर्यंतच्या सगळ्या मुलांना शिक्षण द्यायचं म्हटलं, ते झालं नाही. १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगानं शेजारशाळेची कल्पना मांडली, म्हणजे त्या वस्तीतली सगळी मुलं, साहेबाचं पोर आणि शिपायाचं पोर, एकाच शाळेत. ऐकायला छान, पण अंमल कोणी केला नाही, कारण ज्यांनी करायचा त्यांची मुलं तोवर दुसरीकडे जायला लागली होती. मग इंग्लिश मीडियम, डोनेशन, स्कूल बस. झेडपीच्या आणि पालिकेच्या शाळेत उरली ती, ज्यांना दुसरीकडे जाणं परवडत नव्हतं त्यांची पोरं. १९९३ ला सुप्रीम कोर्टानं चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क म्हटला, २००२ ला घटनादुरुस्ती झाली, २००९ ला कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

आता 'शेजार' या शब्दाकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे. आयोगाच्या अहवालात शेजार म्हणजे सगळ्यांची एक शाळा. २००९ च्या कायद्यात शेजार आला तो दोन ठिकाणी, दोन कामांसाठी. एक, सरकारनं मुलाच्या घराजवळ शाळा द्यायची, आणि नियमात त्याचं माप बसलं पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. दुसरं, खासगी विनाअनुदानित शाळांनी शेजारच्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना पहिलीच्या पटाच्या किमान २५ टक्के जागा द्यायच्या आणि आठवीपर्यंत फुकट शिकवायचं. पहिलं ओझं सरकारच्या डोक्यावर, दुसरं खासगी शाळेच्या. दोन्ही वेगवेगळी. एक केलं म्हणून दुसरं माफ असं कायद्यात कुठेच नाही. पण बोलताना सगळे 'एक किलोमीटरचा नियम' असं एकाच दमात म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. त्यात आणखी वंचित वेगळे, दुर्बल वेगळे. दुर्बल म्हणजे आपल्याकडे वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत, वंचितांना, म्हणजे मागास जाती-जमातींतल्या वगैरे मुलांना, ती अट नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा घातल्यावर आपल्याला तो लागतच नव्हता हे कळलेले लोक मी दरवर्षी बघतो.

खासगी शाळा लगेच कोर्टात गेल्या. १२ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टानं दोन विरुद्ध एक असा निकाल दिला, २५ टक्के वैध ठरले, पण विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या. मे २०१४ मध्ये पाच न्यायाधीशांनी अल्पसंख्याकांच्या सगळ्याच शाळा, अनुदान असो नसो, कायद्याबाहेर नेल्या. त्यानंतर काही शाळांना आपण अल्पसंख्याक असल्याचं अचानक आठवलं, असं पालक चेष्टेनं म्हणतात, आणि चेष्टेत सगळंच खोटं नसतं.

महाराष्ट्रात हे प्रवेश २०१२-१३ पासून चालू झाले. पैशाचं गणित असं की सरकार आपल्या शाळेत एका मुलावर जेवढा खर्च करतं तेवढे किंवा शाळेची फी, यातलं जे कमी ते शाळेला द्यायचं. प्रतिपूर्ती म्हणतात त्याला. राज्याचा दर एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये झाला, कोविडच्या वर्षात शाळा बंद म्हणून ८,००० वर आणला. आणि हे पैसे वेळेवर आलेत असं सहसा होत नाही. पाच-दहा हजार फीवाली छोटी इंग्लिश शाळा, जिथे बाईंचा पगारच मुश्किलीनं निघतो, ती या थकबाकीत खरंच मरते, आणि तिच्या संस्थाचालकाची तक्रार मला रास्त वाटते. लाखावर फी घेणारी शाळा हेच रडगाणं गाते तेव्हा मात्र वाटत नाही.

आणि वर्गात काय? नियमात स्पष्ट लिहिलंय की या मुलांना वेगळं बसवायचं नाही, वेगळी वेळ द्यायची नाही, वेगळी तुकडी करायची नाही. एवढं लिहायची गरज पडली यावरूनच समजा. गोणपाट आता कोणी देत नाही. 'आरटीईवाली मुलं' असा शब्द मात्र स्टाफरूममध्ये सर्रास आहे, सहलीचे पैसे, गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे, अ‍ॅक्टिव्हिटी फी असं काय काय निघतं आणि त्या दिवशी ती पोरं घरी राहतात. माझ्या ओळखीतला एकजण ऑफिसात डायव्हर्सिटी आणि इन्क्लुजनचं ट्रेनिंग घेतो, दीड तासाचं, शेवटी सामोसे, आणि त्यानंच पोराच्या शाळेच्या पालक ग्रुपवर लिहिलं होतं की आमच्या फीमधून यांची मुलं शिकतात. सामोसे बरे असतील.

तर २०२४. त्याआधी परिस्थिती अशी होती की राज्यात जागा एक लाखाच्या आसपास आणि अर्ज साडेतीन लाखांवर. ९ फेब्रुवारीला सरकारनं नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या घेऱ्यात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला २५ टक्क्यांतून मोकळीक. हे नीट वाचा. आधीचं अंतर मुलाच्या घरापासून मोजायचे, हे नवीन अंतर खासगी शाळेच्या गेटपासून. पुण्यात, ठाण्यात, नाशकात कुठल्याही खासगी शाळेच्या गेटवर उभे राहा आणि एक किलोमीटर फिरा, पालिकेची नाहीतर कुठल्या तरी जुन्या संस्थेची अनुदानित शाळा सापडणारच. म्हणजे शहरातल्या जवळपास सगळ्या सुटल्या. जे माप सरकारवर जबाबदारी टाकायला बनवलं होतं तेच खासगी शाळेला सोडवायला वापरलं.

वर गंमत बघा, यादीत सरकारी आणि अनुदानित शाळाही टाकल्या, त्यामुळे जागा एकदम आठ लाखांच्या वर दिसायला लागल्या. कागदावर केवढी प्रगती! आणि अर्ज? लाखाच्याही आत. झेरॉक्सवाला सांगत होता, त्या वर्षी लोक यायचे, स्क्रीनवर शाळांची नावं बघायचे आणि फॉर्म न भरता निघून जायचे. झेडपीच्या किंवा पालिकेच्या शाळेत जायला लॉटरी कशाला लागते, तिथे दाखला घेऊन गेलं की हेडमास्तर आनंदानं नाव लिहितात.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. आपल्याच शाळांचे पट घसरतायत, वर्ग रिकामे, शिक्षक बसून, आणि त्याच वस्तीतल्या मुलांसाठी पलीकडच्या खासगी शाळेला पैसे द्यायचे, तेही थकलेले. झेडपीच्या काही मास्तरांनाही हा बदल पटला होता आणि त्यांचं दुःख मला कळतं. कर्नाटकनं असाच नियम आधी केला होता आणि २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टानं तो टिकवलाही होता, त्यामुळे आपल्याकडेही चालून जाईल असा हिशोब असावा. पण सरकारी शाळा सुधारायची असेल तर ती सुधारावी, शेजारचं दार बंद करून तिचा पट कसा वाढणार? वाढला तरी त्या वस्तीत एक गरिबांची आणि एक पैसेवाल्यांची अशा दोन शाळा कायमच्या, आणि १९१९ ला कोल्हापुरात मोडलं ते नेमकं हेच.

पालक आणि काही संघटना हायकोर्टात गेल्या. ६ मे ला स्थगिती मिळाली, फॉर्म पुन्हा जुन्या पद्धतीनं भरून घेतले. मधल्या काळात काही शाळांनी त्या जागा फी घेऊन भरूनही टाकल्या होत्या, तो वेगळा गुंता. १९ जुलैला निकाल लागला, नवा नियम रद्द. मुद्दा साधा होता. कायदा संसदेचा, त्याखाली राज्यानं केलेला नियम कायद्याला ओलांडून जाऊ शकत नाही, आणि खासगी शाळेवरची २५ टक्क्यांची जबाबदारी शेजारी सरकारी शाळा आहे की नाही यावर अवलंबून नाही. ज्यांना आधीच घेतलं त्यांना काढू नका, पण २५ टक्के भरा, असंही सांगितलं. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही हात घालायला नकार दिला.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. फुकट शिक्षण आठवीपर्यंतच. २०१२-१३ ला पहिलीत गेलेली पहिली बॅच जून २०२० मध्ये नववीत आली, म्हणजे लॉकडाऊनमध्ये, बापाची रिक्षा बंद, आईची कामं बंद, आणि त्याच महिन्यात हातात पूर्ण फीचं पत्र. त्यातली किती त्याच शाळेत टिकली हे माझ्या ओळखीच्या दोन घरांपुरतं सांगू शकतो, एक राहिला, एक गेली.

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी अल्पसंख्याक शाळांच्या त्या २०१४ च्या निकालावरच शंका घेतली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं असं म्हटलं. प्रकरण शिक्षकांच्या टीईटीचं, म्हणजे पात्रता परीक्षेचं होतं, पण त्याची झळ २५ टक्क्यांनाही लागणार.

आणि नाल्यापलीकडच्या फुग्याच्या त्या ताई. त्यांनी धाकट्यासाठी २०२४ मध्ये पुन्हा भरला, आधी नवा फॉर्म, मग स्थगितीनंतर जुना, दोन्ही वेळी फुगा झेरॉक्सवाल्याकडून दोनदा तपासून. नंबर लागला. यादी आली तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता, त्यामुळे पोरगा वर्गात गेला तेव्हा ऑगस्ट लागला होता, बाकावरच्या जागा ठरून गेल्या होत्या आणि पहिली चाचणी झालेली होती. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर तिसरा म्हणून बसवला. दप्तर मांडीवर.