पाणी न घालायचा कूलर

खोकं उघडून भाच्याच्या संगणकाचा कूलर टेबलावर ठेवला तेव्हा ताईच्या सासूबाई चष्मा सावरत पुढे आल्या. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत, तिच्यातून आरपार गेलेल्या तांब्याच्या चार नळ्या आणि पुढे तळहाताहून मोठा पंखा. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कूलर मां ह्यो? मगे ह्येच्यात पाणी खंय घालूचा?"

भाचा हसला. मला मात्र प्रश्न नेमका वाटला. मालवणात पाण्याचा कूलर सहसा कुणी घेत नाही, आणि घेतलाच तर पुढच्या उन्हाळ्यात तो माळ्यावर जातो. वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकतं, पंखा तिच्यातून हवा ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते, एवढंच त्याचं शास्त्र. नागपूरला मे महिन्यात हवा ४३ अंश सेल्सिअसवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर असेल, तर अशा बाष्पीभवनाने ती फार तर २२ अंशांच्या आसपास उतरू शकते. मालवणात ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असली की ही मर्यादा २९ अंशांवरच अडते. आधीच भिजलेल्या हवेला आणखी पाणी पाजणार कसं? अंगावरचा घाम वाळत नाही तोही याचमुळे.

भाच्याची भीती यातूनच आलेली. तारकर्लीला पर्यटक पाण्याखाली उतरतात, त्यांच्या चित्रफिती हा रात्री घरी बसून कापतो, जोडतो. त्याच्या संगणकात सहा कोअरचा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप, वर '६५ वॉट' लिहिलेलं, सोबत खोक्यात आलेला बुटका कूलर. काम सुरू झालं की तापमान ९० अंशांवर जाऊन बसायचं आणि पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. ९० ही त्या प्रोसेसरची कमाल मर्यादा. तिथे पोचला की तो जळत नाही, आपला वेग कमी करून जीव वाचवतो. म्हणजे मालक ज्या वेगाचे पैसे मोजून बसलाय तो मिळत नाही. "मामा, इथल्या दमट हवेत साधा कूलर नाय चालूचो. लिक्विडच घेऊक लागतलो," असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. लिक्विड कूलर म्हणजे पंपाने द्रव फिरवून उष्णता नेणारा, आणि आणखी चार-पाच हजार.

दमट हवेचं आधी निकालात काढू. प्रोसेसरला घाम येत नाही. धातूच्या पत्र्यावरून हवा जाते, जाताना तापते, उष्णता घेऊन निघून जाते. यात कुठेही काही वाळायचं नसतं. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, पण तिची उष्णता सामावण्याची ताकद किंचित जास्त असते. दोन्ही फरक एक-तीन टक्क्यांचे आणि एकमेकांना खोडणारे. मिनिटाला ३० घनफूट हवा पत्र्यांतून खरोखर गेली, तर ६५ वॉट उष्णतेने ती जेमतेम चार अंशांनी तापते. ती हवा मालवणची की कोरड्या जतची, प्रोसेसरला पत्ताही लागत नाही.

त्याला पत्ता लागतो तो हवेच्या तापमानाचा. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहणार हे कूलर ठरवतो. खोलीचं तापमान त्यात जसंच्या तसं मिळवायचं. या हिशेबात किनारपट्टी चक्क सुखात आहे. दुपारी खारे वारे सुटतात आणि मे महिन्यातही पारा बहुतेक दिवस ३३-३४च्या आगेमागे राहतो. विदर्भात तोच ४५च्या वर जातो. आपल्याला जी हवा असह्य वाटते तीच हवा संगणकाला तिथल्यापेक्षा दहा-बारा अंश जास्त सवलत देते.

मग भाच्याचा प्रोसेसर तापत का होता? संगणकाचं कॅबिनेट, म्हणजे त्याची पेटी, सागवानी कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेलं होतं, धूळ नको म्हणून पुढे काचेचं दार. स्वतःचीच गरम हवा ते पुन्हा पुन्हा गिळत होतं. बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि तेच काम चालवलं, तर खोलीत ३१ अंश असताना प्रोसेसर ८७ वर थांबला. वेग कमी करणं बंद. खर्च शून्य. कूलर शोधायला निघालेल्या प्रत्येकाने आधी हे करून पाहावं; निम्म्या लोकांची खरेदी इथेच वाचेल असा माझा अंदाज आहे.

८७ चालतं, पण पंख्याचा आवाज आणि मे महिना दोन्ही शिल्लक होते.

आता मुळातली अडचण पाहू. हजार वॉटची इस्त्री उष्णता पसरते सुमारे २०० चौरस सेंटिमीटर तळावर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाचएक वॉट. प्रोसेसरमधला काम करणारा सिलिकॉनचा तुकडा असतो नखाएवढा, एक-दोन चौरस सेंटिमीटर, आणि त्यातून साठ-सत्तर वॉट निघतात. एकूण उष्णता किरकोळ आहे, पण ती निघते फार चिंचोळ्या जागेतून. ती पसरवायची कशी, हाच सारा खेळ. नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा ठेवला तर मधला भाग तापतो आणि कडेचे पत्रे कोमटच राहतात. तांबं ॲल्युमिनियमच्या पावणेदोनपट चांगलं वाहक, पण तिपटीहून जड आणि महाग.

इथे सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर येतं. पाणी आधीच घातलेलं आहे, कारखान्यात, त्या तांब्याच्या नळ्यांत. नळी दोन्ही टोकांना बंद. आत पाव चमच्याहून कमी पाणी, आणि हवा जवळजवळ सगळी काढून घेतलेली. दाब कमी असला की पाणी लवकर उकळतं. वातावरणाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या दाबाला ते ४५ अंशांनाच उकळू लागतं. प्रोसेसरला टेकलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, वाफ नळीतून वरच्या पत्र्यांकडे धावते, तिथे गार होऊन पुन्हा पाणी बनते, आणि आतल्या भिंतीला चिकटवलेल्या तांब्याच्या भुकटीच्या सच्छिद्र अस्तरातून, कंदिलाच्या वातीत तेल चढतं तसं, परत खाली येतं. पंपाची गरजच पडत नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जवळपास २४०० जूल उष्णता लागते, म्हणून ७५-८० वॉट वाहून न्यायला सेकंदाला एका ग्रॅमचा तिसावा भाग पाणी फिरलं तरी पुरतं. भरीव तांब्याच्या दांड्यापेक्षा अशी पोकळ नळी कितीतरी पट वेगाने उष्णता नेते. या कल्पनेचं पेटंट अमेरिकेत १९४४ सालीच दिलं गेलं होतं, पण ती खऱ्या अर्थाने उभी राहिली १९६३ मध्ये, लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांच्या हातून. तेव्हा डोळ्यासमोर अवकाशयानं होती.

म्हणजे बाष्पीभवनाचा कूलर मालवणात चालत नाही, हे अर्धसत्य. बाहेरच्या हवेशी संबंध तोडून, स्वतःचं वेगळं जग बंद नळीत घेऊन बसलेला कूलर इथे उत्तम चालतो.

खरेदीला गेलात की कूलरच्या खोक्यावर, तो किती उष्णता वाहून नेतो हे सांगणारे, '२२० वॉट'सारखे आकडे दिसतील. हे मोजायची सर्वांना बंधनकारक अशी एकच पद्धत नाही, त्यामुळे दोन कंपन्यांचे असे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. प्रोसेसरवरचे ६५ वॉटही तसेच फसवे: एएमडी कंपनीचे एएम४ सॉकेटमधले (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती खाच) '६५ वॉट'चे प्रोसेसर ८८ वॉटपर्यंत ओढू शकतात, आणि इंटेलच्या कोअर आय५-१२४०० साठी कंपनीच ६५ आणि ११७ असे दोन आकडे देते. मोठा आकडा धरायचा. एवढ्या प्रोसेसरला १२० मिलिमीटरचा एक पंखा, सहा मिलिमीटर जाडीच्या चार नळ्या आणि उभी टॉवर रचना पुरून उरते. डीपकूलचा एके४००, आयडी-कूलिंगचा एसई-२१४-एक्सटी, थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२० ही याच जातीची भावंडं, आणि कूलर मास्टरचा हायपर २१२ हा त्यांचा थोरला. दीड ते तीन हजारांच्या दरम्यान जो मिळेल आणि बसेल तो घ्यावा. त्यांच्यातल्या दोन-तीन अंशांच्या फरकावर रात्री जागवू नयेत.

दुप्पट पैसे टाकून निम्मं तापमान का होत नाही, तेही सांगतो. आमचा नवा कूलर बसल्यावर त्याच कामाला, त्याच ३१ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० वर आला. खोलीपेक्षा आधी ५६ अंश वर होता, आता ३९. उरलेल्या ३९ पैकी बरेच अंश चिपच्या आत, तिच्यावरच्या झाकणात आणि झाकण व कूलर यांच्यामध्ये लावायच्या पेस्टमध्ये अडकलेले असतात. तिथे कोणत्याच कूलरचा हात पोचत नाही. त्यामुळे पहिले दोन हजार रुपये जेवढं देतात तेवढं पुढचे पाच हजार देत नाहीत. उलट आवाजात मोठा लाभ झाला. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. मोठ्या टॉवरला सावकाश फिरणारा पंखा पुरतो, बुटक्याला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. (जुलैत पत्र्यावर पाऊस वाजू लागला की कुठलाच पंखा ऐकू येत नाही, हे वेगळं.)

किनाऱ्यावर खरा वैरी वेगळाच आहे: मीठ. लाटांच्या तुषारांतून सुटलेले मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर घरात येतात आणि पत्र्यांवर बसतात. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत होतं तेच. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि वर खारं पाणी, म्हणजे एक बारीक विद्युतघटच तयार झाला. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. ट्रॉलरवाल्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं, म्हणून तर ते बोटीच्या पाण्यातल्या पंख्याजवळ जस्ताचे तुकडे बसवतात: पंख्याऐवजी जस्त झिजावं म्हणून. तांब्यावर हिरवा कळक चढतो तो निराळा.

म्हणून माझ्या निवडीत एक गोष्ट शहरातल्या माणसापेक्षा वर येते. उघड्या तांब्याच्या नळ्यांपेक्षा निकेलचा मुलामा दिलेल्या नळ्या आणि रंगाचा काळा थर दिलेले पत्रे मी पसंत करतो. शे-दोनशे रुपये जास्त पडतात. पितळेच्या पातेल्याला आपण कल्हई करतो, तसंच हे. दुसरं, पत्रे फार दाटीवाटीचे नसावेत. जांभ्याची तांबडी धूळ खारटून ओली झाली की फटींत चिखलासारखी बसते. दोन महिन्यांतून एकदा रंगाच्या कोरड्या ब्रशने ती झाडावी, झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. ओलं फडकं नाही. कॅबिनेटच्या मागच्या भोकात कुंभारमाशीने घर केलंय का तेही बघावं. आमच्याकडे दोनदा निघालं.

लिक्विड कूलर वाईट नसतो. पण त्यात एक पंप असतो, तो कधीतरी बिघडतो, आणि मग वॉरंटीचं खोकं एसटीच्या पार्सलने कुठल्या शहरात पाठवायचं याची चौकशी करत तुम्ही आठवडाभर संगणकाशिवाय बसता. टॉवर कूलरमध्ये फिरणारी वस्तू एकच, पंखा, आणि तो बदलून मिळतो.

बसवण्याआधी कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची पाहा. असे टॉवर दीडशे मिलिमीटरच्या आसपास उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटचं दार लागत नाही. सॉकेट तपासा: इंटेलच्या २०२१च्या एलजीए १७०० मध्ये स्क्रूच्या भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं, म्हणून जुन्या कूलरला नवी पट्टी लागते. एएमडीच्या एएम५ ला एएम४ चे बरेच कूलर चालतात, पण मदरबोर्डची (प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मुख्य पाटीची) मागची मूळ पट्टी वापरणारेच. तळाला चिकटवलेला पारदर्शक कागद काढा. हसू नका, मी एकदा विसरलो होतो आणि तासभर पेस्टला शिव्या घालत होतो. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. तिचं काम दोन धातूंमधल्या खाचांतली हवा हटवण्याचं. ती स्वतः तांब्यापुढे फारच गरीब वाहक आहे, जाड थर दिला तर उलट आडच येते.

पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये, हेही मी भाच्याला सांगितलं. चालू असताना आतली हवा खोलीपेक्षा गरम असते, आणि तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते, त्यामुळे मीठ पाणी ओढत नाही. सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत ऐकत होत्या. उठून त्यांनी कॅबिनेटच्या मागे हात धरला. "ह्येचो वारो तर गरम येता," त्या म्हणाल्या. कूलर म्हणवणाऱ्याने खोली गरम करावी हे त्यांना पटलं नाही.

जुलैत पुन्हा गेलो तेव्हा कॅबिनेटच्या मागे, बरोबर त्या वाऱ्यासमोर, एका पाटावर देवघरातली काडेपेटी आणि उदबत्तीचा पुडा ठेवलेला होता. भाच्याने हलवू का म्हणून विचारलं. हवेला वाट होती, मी म्हटलं राहू दे.