सव्वीसचे दोन टायर: १ ३/८ आणि १.५०

आईची लेडीज सायकल आमच्या पार्किंगमध्ये कितीतरी वर्षं भिंतीला टेकून उभी होती. फ्रेम ठणठणीत होती. चेन रॉकेलनं धुतल्यावर मोकळी झाली, ब्रेकचे रबर बदलले. टायर मात्र कडेनं तडकून आतला धागा बाहेर आला होता. दुकानात "सव्वीसचा टायर द्या" म्हटलं आणि समोर आला तो घेऊन घरी आलो.

दुपारभर टायर चढवायच्या दोन पट्ट्या घेऊन झटलो. टायर अर्ध्यापर्यंत रिमवर चढायचा, पुढे तसूभरही सरकेना. शेवटी पट्टीखाली ट्यूब चिमटली आणि दोन भोकं पडली. मग जुना आणि नवा टायर फरशीवर एकावर एक ठेवून पाहिले. नव्याची आतली कड जुन्यापेक्षा सगळीकडून बोटभर आत आली होती. जुन्यावर लिहिलं होतं २६ × १ ३/८, नव्यावर २६ × १.५०.

घरी सायकल दुरुस्त करायला घेतलेल्या नवख्या माणसाचे पैसे आणि उमेद इथेच वाया जाते. त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. खरं तर तो नवा टायर त्या रिमवर कुणालाच बसवता आला नसता.

सव्वीस इंच हे रिमचं माप नाहीच. ते आहे हवा भरलेल्या टायरचं बाहेरून बाहेरपर्यंतचं माप, म्हणजे साधारण ६६० मिलिमीटर. आता हे ६६० दोन तऱ्हांनी भरता येतात. रिम मोठी घ्या आणि टायर बारीक, किंवा रिम लहान घ्या आणि टायर जाड. इंग्रजी पद्धतीच्या सायकलींनी पहिली तऱ्हा धरली. टायर जिथे बसतो तिथे रिमचा व्यास ५९० मिमी, त्यावर दोन्हीकडून पस्तीसेक मिमीचा टायर, झाले ६६०. आपल्याकडच्या जुन्या लेडीज सायकली याच घराण्यातल्या. दुसरी तऱ्हा अमेरिकेतली. तिथे १९३३ मध्ये श्विन कंपनीनं फुग्यासारखे जाड टायर आणले, सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे, आणि त्यांची रिम ५५९ मिमीची. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मारिन काउंटीमधली पोरं याच जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवायला लागली. त्यातून माउंटन बाइक आली आणि तिच्याबरोबर ५५९ ची रिम जगभर गेली. पुढे त्याच रिमवर १.५० सारखे बारीक टायरही निघाले. ते बाहेरून मोजले तर जेमतेम पंचवीस इंच भरतात, पण नाव सव्वीसच राहिलं.

म्हणून ढोबळ खूण अशी की अपूर्णांक आणि दशांश हे टायरच्या बाबतीत वेगवेगळे आहेत. आपल्याकडे २६ × १ ३/८ म्हणजे ५९० ची रिम. २६ × १.५०, १.७५, १.९५, २.१० हे सगळे ५५९ चे. सगळ्यात फसवी जोडी १.५ आणि १ १/२ ची. गणितात दोन्ही सारखे, पण २६ × १ १/२ ची रिम ५८४ ची असते, तीच जी आज २७.५ म्हणून विकली जाते.

टायरच्या कडेला आणखी एक आकडा असतो, बारीक अक्षरात: ३७-५९०, ४७-५५९ असा. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आयएसओ ५७७५ नावाच्या मानकातली ही पद्धत आहे. दुकानात हाच आकडा सांगा. आकडा झिजून गेला असेल तर शाळेतली ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. ती चाकाला समांतर धरून अ‍ॅक्सलच्या मध्यापासून रिमच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. ५९० ची रिम असेल तर पट्टी जेमतेम कडेला पोचते. ५५९ ची असेल तर दीड सेंटिमीटर बाहेर उरते.

माझ्यासारखी चूक झाली तर टायर चढत नाही, एवढंच होतं. उलट चूक मात्र खरोखर धोक्याची. ५९० चा टायर ५५९ च्या रिमवर हातानंच बसतो, टायर चढवायची पट्टीही लागत नाही, आणि बसवणारा खूश होतो. टायरच्या कडेतली पोलादी तार रिमला धरूनच नसते. हवा भरताना टायर एका बाजूनं सुटतो आणि ट्यूब बाहेर येऊन फुटते. पंपावर फुटली तर ठीक, रस्त्यावर फुटली तर माणूस पडतो.

जुन्या सायकलला जाड टायर टाकून "गिअरवालीसारखी" करायची अनेकांची इच्छा असते. त्यासाठी रिमच बदलावी लागते आणि मग ब्रेकचे रबर साडेपंधरा मिमी खाली आणावे लागतात. ब्रेकच्या खाचेत सहसा तेवढी जागा नसते. शिवाय मडगार्डही घासतो. माझं मत विचाराल तर ५९० च ठेवा. खर्च करायचाच असेल तर त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची रिम शोधा. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक घसरतात, पावसाळ्यात हा फरक पहिल्याच उतारावर कळतो. फक्त रिम घेण्याआधी स्पोकची भोकं मोजा, कारण इंग्रजी पद्धतीच्या सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० असतात.

ट्यूबचं एवढं अवघड नाही. रबर ताणतं, त्यामुळे रुंदी जवळपास असली की सव्वीसची ट्यूब दोन्हीकडे चालून जाते. माझ्या चिमटलेल्या ट्यूबला दोन पॅच मारले आणि तीच ३७-५९० च्या नव्या टायरमध्ये घातली. आई आता त्या सायकलवरून मंडईत जाते.