कर्नल किती दाबायचं? पार्श्वभूमी

लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः बिल्ड करायला (सोर्स कोडपासून तयार करायला) घेतलं की मेन्यूकॉन्फिग या सेटिंगच्या मेन्यूत 'जनरल सेटअप'खाली 'कर्नल कॉम्प्रेशन मोड' लागतो: कर्नलची फाइल कोणत्या पद्धतीनं दाबून लहान करायची ते. एक्स८६वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर, तिथे सात पर्याय आहेत: जीझिप, बीझिप२, एलझेडएमए, एक्सझेड, एलझेडओ, एलझेड४, झेडएसटीडी. जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांतली बरीच पोरं याला हात न लावता पुढे जातात. त्यानं फारसं बिघडतही नाही म्हणा.

सुरुवातीला अडचण जागेची होती. कर्नल १.४४ एमबीच्या फ्लॉपीवरून चढायचं आणि जुन्या झेडइमेजला (दाबलेल्या कर्नलच्या फाइलला) ५१२ केबीच्या आत राहावं लागे. १९९२ चं जीझिप पेटंटच्या भानगडीतून मोकळं होतं, मेमरीही कमी खायचं. २००९ पर्यंत तेच एकटं चाललं.

त्या वर्षी कर्नलच्या २.६.३० आवृत्तीत बीझिप२ आणि एलझेडएमए आले, २०११ मध्ये एक्सझेड. कर्नलमधली मदतटीप सांगते की एक्सझेडची इमेज जीझिपपेक्षा सुमारे ३० टक्के लहान होते. जेमतेम फ्लॅश मेमरी असलेल्या राउटरला याचा मोठाच आधार. पण खरा हिशेब पुढे आहे. दाबण्याचं काम एकदाच होतं, तेही बिल्ड करणाऱ्याच्या मशीनवर. उलगडावं लागतं दर बूटला, वापरणाऱ्याच्या मशीनवर. भर मे महिन्यात भुसावळला तीनदा लाईट गेली आणि यूपीएस नसला, तर तीनदा. प्रोसेसर जुना असेल तर 'अनकॉम्प्रेसिंग लिनक्स' ही ओळ स्क्रीनवर रेंगाळते ती याचमुळे.

म्हणून दुसऱ्या टोकाचे पर्यायही येत गेले. २०१० मध्ये एलझेडओ, २०१३ मध्ये एलझेड४. एलझेड४ ची इमेज एलझेडओपेक्षाही सुमारे ८ टक्के मोठी, पण उलगडते झटकन. फिरत्या हार्ड डिस्कवर फाइल लहान असली की वाचण्यातला वेळ वाचायचा. एसएसडीवर वाचन लगेच उरकतं आणि उलगडण्याचा वेळच डोळ्यात भरतो. उबुंटू या लिनक्स वितरणानं १९.१० आवृत्तीत एलझेड४ घेतलं ते बूट लवकर व्हावं म्हणूनच.

एलझेड४ लिहिणाऱ्या यान कोले यांचंच झेडएसटीडी २०१७ मध्ये ४.१४ मधून आत शिरलं, तेव्हा ते बीटीआरएफएस आणि स्क्वॉशएफएस या फाइल सिस्टिमसाठी होतं. कर्नलच्या इमेजसाठी ते २०२० मध्ये, ५.९ मध्ये मिळालं. आकार जीझिपपेक्षा लहान आणि उलगडणंही वेगवान, त्यामुळे आजच्या लॅपटॉपवर मी डोळे झाकून तेच निवडेन. एक्सझेड फक्त जागेची खरीच मारामार असेल तिथे. मूळ कर्नलमध्ये मात्र एक्स८६वर आधीपासून टिक केलेला पर्याय अजूनही जीझिपच आहे.