घराण्याचा आणि घराचा इतिहास शोधताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पणजोबांच्या नावापासून शोध सुरू करायला निघतात. आमचं सांगणं असतं, आधी घराचा किंवा शेताचा कागद काढा. माणसं गाव सोडतात, दत्तक जातात, आडनाव बदलतात. जागा हलत नाही, आणि तिच्यावर सारा किंवा पट्टी बसत असल्यामुळे तिचे कागद सरकारदरबारी जपले गेले आहेत.

जुन्या नाशकातलं, म्हणजे तिवंधा, भद्रकाली, पंचवटी या भागातलं घर असेल, तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. पण तिथे थांबू नका. त्याच कार्यालयातली चौकशी नोंदवही मागा. भूमापनाच्या वेळी जागा कोणाच्या ताब्यात होती आणि कोणत्या आधारावर, हे तिच्यात लिहिलेलं असतं. दुय्यम निबंधकांकडच्या सूची क्रमांक २ वरून, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीवरून, जुनी खरेदीखतं, गहाणखतं आणि वाटणीपत्रं सापडतात. खतातली चतुःसीमा सावकाश वाचावी. पूर्वेला कोणाचा वाडा, दक्षिणेला कुठला बोळ, हे कळलं की घर क्रमांक बदललेले असले तरी जागा नेमकी ओळखता येते. नाशिकची नगरपालिका १८६४ ची आणि महानगरपालिका १९८२ ची. मधल्या काळात क्रमांक बदलत गेले, म्हणून घरपट्टीची जुनी पावती रद्दीत टाकू नका.

गावाकडे जमीन असेल तर सातबाऱ्यापासून सुरुवात करा. त्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे हे फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक असतात. एकेक फेरफार काढत मागे गेलात की एकेक पिढी उलगडते. जुने स्कॅन केलेले सातबारे आणि फेरफार शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर पाहता येतात, आणि त्यात नाशिक जिल्हा आहे. तिथे न मिळाल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा.

सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं, तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर आहेत असं समजा. जमीन त्यांच्या एकट्याची नव्हती. धाकट्या भावांची नावं त्या तीन अक्षरांमागे राहून गेलेली असतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वारस लहान होता, म्हणजे वडील अकाली गेले असण्याची शक्यता धरून त्याच सुमाराची मृत्यूनोंद शोधावी. कुळांच्या जमिनीत १ एप्रिल १९५७ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवसापासून कुळं कायद्याने मालक मानली गेली, त्यामुळे नंतरच्या फेरफारांत एकदम वेगळंच नाव आलं तर गोंधळू नका.

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो वारस फेरफार. घरोघरच्या वंशावळीत मुलगे तेवढे लिहिलेले असतात. लेकी सापडतात त्या इथे, सासरच्या नावाने आणि पुष्कळदा सासरच्या गावासकट. कित्येक घरांत पणजीच्या नणंदेचं नाव असं पहिल्यांदाच कळतं. वंशावळ करून देताना आम्ही ही नावं गाळत नाही, आणि तुम्हीही गाळू नयेत अशी विनंती आहे.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक पाहावं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ते सर्वांना माहीत झालं आहे. जुनी पानं बरीचशी मोडीत असतात. शिवाय शाळेचं जनरल रजिस्टर आहेच. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदी पाहाव्यात. नाशकातली शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५४ ची आहे.

नाशिककरांना हाताशी असलेला एक ठेवा म्हणजे रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला आलेल्या यजमानाने आपलं, बापाचं, आजाचं, भावांचं आणि मुलांचं नाव लिहून खाली सही केलेली असते. पणजोबांचं हस्ताक्षर दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. जाताना आडनाव, मूळ गाव आणि जात नीट विचारून जा, कारण कोणत्या उपाध्याय घराण्याकडे तुमची वही आहे हे त्यावरूनच ठरतं. हे खासगी दफ्तर आहे. फोटो काढण्याआधी परवानगी घ्यावी आणि दक्षिणा द्यावी.

नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधीचे इंग्रजी अमदानीतले कागद अहमदनगर किंवा खानदेश या नावांखाली शोधावे लागतात. पेशवाईतलं वतन किंवा इनाम असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार गाठावं लागतं. तिथल्या कागदांवर बहुधा सुहूर सन, म्हणजे अरबी संख्यानामांत लिहिलेलं वर्ष असतं. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७२-७३ येतं. शक असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९० किंवा ५९१.

आमच्याकडे येताना घरातले सगळे कागद आणा, फाटलेलेसुद्धा. त्यांना सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर करूच नका. दुमडलेले असतील तर तसेच आणा. सोबत घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतील तेवढी नावं आणि गावं लिहून आणा. मोडी वाचन, देवनागरी लिप्यंतर आणि नकलांच्या अर्जासाठी मदत ही आमची कामं. मालकीहक्काचा सल्ला आम्ही देत नाही, त्यासाठी वकील गाठावा. लिप्यंतरात जे अक्षर लागलं नाही तिथे जागा कोरी सोडून प्रश्नचिन्ह घातलेलं असेल. अंदाजाने नाव भरून देण्याचा आग्रह कृपया करू नये.