वाचनालय बांधताय? आधी ढाळजेचं बोलू

वाचनालयाची समिती किंवा ग्रामपंचायत इमारतीचा नकाशा करून घ्यायला आमच्याकडे येते तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "समोरून दिसेल कसं?" आम्ही आधी विचारतो ते हे : सकाळी पेपर वाचायला कोण येतं आणि बसतं कुठं?

एका गावात आम्ही दोन दिवस नुसते बघत बसलो. सत्तरीचे एक आजोबा रोज उंबऱ्यात उभं राहून पेपर वाचायचे. आत खुर्च्या रिकाम्या. पण खिडकीपुढं कपाट लावलेलं, त्यामुळं उजेड काय तो दारात. शिवाय मातीचे पाय घेऊन आत जायचा त्यांना संकोच. त्या गावच्या नकाशात आम्ही सगळ्यांत आधी ढाळज काढली. जुन्या वाड्याला असायची तशीच : रस्त्याला लागून, डोक्यावर छप्पर, शहाबादी फरशीचा गुडघाभर उंच ओटा, पाठ टेकायला भिंत. पेपर तिथंच.

अभ्यासिका मागं, शांततेत. भरतीची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली रात्री उशिरापर्यंत बसतात, म्हणून तिला वेगळं दार. मुलींच्या स्वच्छतागृहाची वाट उजेडातून हवी. ती उरल्यासुरल्या कोपऱ्यात ढकलली की दिवस मावळल्यावर मुली थांबत नाहीत. याबाबत आम्ही तडजोड करत नाही.

आता जमीन. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतींना तडे जातात. पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. मुरूम फार खोल असेल तर पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांच्या पायाचा विचार. म्हणून जागेवर खड्डे घेऊन माती पाहिल्याशिवाय आम्ही अंदाजपत्रक देत नाही.

पुस्तकांचं वजन भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. घराच्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून बांधतात; पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीला किमान 600 किलो धरावा लागतो. जुन्या सभागृहाच्या माडीवर ग्रंथालय हलवायचं असेल तर आधी स्लॅब तपासून घ्या. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आपण विसरलेलो नाही. दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदं, म्हणजे मातीची सपाट छतं, माणसांवर कोसळली. त्यामुळं भिंतींतून सलग फिरणारे काँक्रीटचे भूकंपरोधक पट्टे आम्ही प्रत्येक कामात घेतोच, उंच कपाटंही भिंतीला पक्की जखडतो.

उन्हाचा धडा आम्ही चूक करून शिकलो. आमच्या सुरुवातीच्या एका कामात देखाव्यासाठी पश्चिमेला मोठी काच ठेवली. मे महिन्यात दुपारी तीननंतर त्या बाजूला कुणी बसेना, दोन वर्षांत पुस्तकांचे कणे फिकट पडले. शेवटी बाहेरून जाळीची भिंत बांधून दिली, आमच्या खर्चानं. आता मोठ्या खिडक्या उत्तरेला, आणि पश्चिमेला जिना किंवा भांडार.

छतावरचं पाणीही वाया घालवू नका. 600 मिमी पाऊस झाला तरी 100 चौरस मीटर छतावर 60,000 लिटर पाणी पडतं. टाकी पायाच्या कामातच करून घेतली तर खोदाई दोनदा होत नाही. वाळवीची फवारणीही जोत्याची भर घालतानाच.

पैशाबद्दल : राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान इमारतीसाठी सहाय्य देतं. चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे करा. नकाशे, अंदाजपत्रक आम्ही करून देऊ.

पहिल्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. येताना जागेचा सातबारा किंवा नमुना 8 आणा, वाचकांची हजेरीवही आणा, आणि रोज येणाऱ्या एखाद्या वाचकालाही सोबत घेऊन या.