जुन्या टेबल फोनचा दांडा कशासाठी?

जुन्या टेबल फोनचा दांडा फिरवला की बोलण्यापुरती वीज तयार होते, ही समजूत अजूनही पक्की आहे. ती चुकीची आहे.

स्टॉकहोमच्या एरिक्सन कंपनीचा १८९२ सालचा प्रसिद्ध फोन घ्या. दांड्याने आतल्या छोट्या जनित्राचं वेटोळं फिरतं आणि तारेवर पाऊणशे-शंभर व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह जातो. त्याचं काम एवढंच: एक्स्चेंजमध्ये फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटरला सूचना देणं. बोलताना दांडा कोणी फिरवत नसे. आवाज वाहून नेणारा प्रवाह यायचा बॅटरीच्या सेलमधून. हे सेल बहुधा वेगळ्या पेटीत असत, म्हणून नुसता फोन पाहणाऱ्याला ते दिसतच नाहीत. गैरसमजाचं मूळ मला तरी तिथेच दिसतं. बोलणं संपल्याचं कळवायलाही दांडा पुन्हा फिरवावा लागे. पुढे एक्स्चेंजमधूनच वीज येऊ लागली, रिसीव्हर उचलताच ऑपरेटरला कळू लागलं आणि दांडा गेला.

या फोनचे डौलदार वाकडे पायही निव्वळ शोभेचे नाहीत. तेच त्या जनित्राचे कायमचुंबक आहेत! यंत्राचा गाभाच त्याचं रूप व्हावा, ही कारागिरी मला फार मोठी वाटते. असा फोन विकत घेणार असाल, तर पायांना लोखंडी टाचणी लावून बघा. पितळी नकलेला ती चिकटणार नाही.